भेगांनी आखलेल्या गुहा

गुहा म्हटली की महाराष्ट्रातील माणसाला अजिंठा-वेरूळ आठवतात. परंतु ती लेणी होत. माणसाने छिन्नीने कोरलेली. आंध्र प्रदेशातील नंद्याळ जिल्ह्यात असलेली बेलमची गुहा पाण्याने कोरली आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८४ साली तिची नोंद केली. तिची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक आहे. एवढी वाट पाण्याला सापडली कशी?

पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून अधिक मातीतून, कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. अशा पाण्यात चुनखडक हळूहळू विरघळतो. परंतु जुना, घट्ट चुनखडक पाणी अंगात सहसा मुरू देत नाही. पाण्याचा शिरकाव होतो तो थरांमधील आडव्या फटींतून आणि भूकवचातील ताणांमुळे पडलेल्या उभ्या भेगांतून. या उभ्या भेगा बहुधा समांतर ओळींनी पडतात आणि निरनिराळ्या दिशांच्या ओळी एकमेकींना छेदतात.

जी भेग शेजारणीहून केसभर रुंद, तिच्यातून पाणी अधिक वाहते; पाणी अधिक, म्हणून झीजही अधिक. हजारो वर्षांनी ती सुमारे एक सेंटिमीटर रुंद झाली की तिची वाढ झपाट्याने होते आणि इतर भेगा मागे पडतात. म्हणूनच पुष्कळ गुहांतील वाटा सरळ जाऊन एकदम कोनात वळतात. गुहेचा नकाशा हा बव्हंशी जुन्या भेगांचाच नकाशा होय. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही भेगा आहेतच. परंतु तो चुनखडकासारखा विरघळत नाही, म्हणून तेथे अशा गुहा घडत नाहीत.

या ज्ञानाचा आपल्या पिण्याच्या पाण्याशी निकटचा संबंध आहे. वाळू-मातीतून झिरपणारे पाणी गाळले जाते. रुंद भेगेतून धावणारे पाणी गाळले जात नाही. कॅनडातील वॉकर्टन गावी मे २००० मध्ये शेणखतातील जंतू पावसाबरोबर भेगाळ खडकातून एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीनही पुरेसे नव्हते. दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले व सात जण दगावले.

तेव्हा चुनखडकाच्या प्रदेशात जमिनीवरील एखादे विवर कचरा टाकण्यास सोयीचे वाटले, तरी ते कोणाच्या तरी विहिरीचे तोंड असू शकते, हे विसरता कामा नये.