धावत्या जनावरांचा हिशेब : लेखांक 5
शंकरपटातल्या जखमा कोण मोजणार?

गेल्या आठवड्यात आपण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा थरोब्रेड घोडा पाहिला. त्याच्या घराण्याची वंशावळ इंग्लंडात 1791 पासून छापली जाते. एवढ्या तोलामोलाचा घोडाही मैदानात पाय मोडून मरतो. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर डिसेंबर 2018 ते जून 2019 या एकाच हंगामात 30 घोडे गेले. ओरड झाली, आणि 2020 मध्ये अमेरिकेने देशभरासाठी एकच कायदा केला. एका शर्यतीत चाबकाचे फटके जास्तीत जास्त सहा, उत्तेजक औषधांच्या तपासण्या एकाच यंत्रणेकडे. त्याआधीच तिथे एक साधी गोष्ट सुरू झाली होती : मेलेल्या घोड्यांची नोंद. 2009 मध्ये हजार वेळा घोडा धावला की त्यामागे दोन मरत; 2023 मध्ये हे प्रमाण 1.32 वर आले. बरे की वाईट ते तुम्ही ठरवा, पण निदान आकडा आहे.

आता वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या आर्वी-कारंजाकडे येऊ. इथे रेसकोर्स नाही, शंकरपट आहे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पिके घरात आली की विदर्भात पट भरतात. वर्धा नदीपलीकडे तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेलाच. हलक्या गाडीला जोडी, वर ती हाकणारा धुरकरी, आणि सेकंदाच्या अंशावर लागणारा निकाल.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर या शर्यतीही बंद केल्या. शेपटी पिळणे, चावणे, टोचणे हे प्रकार त्या निकालात नोंदलेले आहेत. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असेही त्यात म्हटले होते. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मात्र त्याच निकालात एक वाक्य आहे, जे गुलाल उधळताना कुणी वाचले नसावे : नियम काटेकोर पाळले जातात की नाही, याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची. म्हणजे आपल्याकडे वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची.

नियम चांगले आहेत. धाव 1000 मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक-विजेचा झटका नको, पशुवैद्यकाचा दाखला हवा, चित्रीकरण हवे. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पण या सगळ्याचा भर बैल सुटेपर्यंत आहे. धावून आल्यावर लंगडणारा, तोंडाला फेस आलेला, वशिंडावर जू घासून सोलवटलेला बैल कोणत्या वहीत जातो? राज्यात बक्षिसे मोटारसायकल-ट्रॅक्टरपर्यंत पोचलीत. इतका पैसा लागला की धुरकऱ्याचा हात आवरायला नुसता कागद पुरत नाही.

पटवाले म्हणतात, पट बंद झाला तर गवळाऊ ही बैलांची जात संपेल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पांढरा, अंगाने हलका, चपळ गवळाऊ हा याच जिल्ह्याचा; आर्वी, आष्टी, कारंजा हे त्याचे घर आणि हेटीकुंडीला त्याचे सरकारी पैदास केंद्र. मराठ्यांच्या सैन्याचे सामान वेगाने वाहण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे मानतात. मैलोगणती चालणारे हे जनावर काही सेकंदांत जीव खाऊन पळवणे ही त्याची परंपरा म्हणता येईल का, अशी मला शंका आहे. तरी त्यांचा दावा खरा धरू. मग दरेक पटात किती गवळाऊ धावले, किती बाहेरून आणलेले खिल्लार, हे लिहून ठेवायला काय हरकत आहे? जात वाचवतो म्हणणाऱ्याने जातीची मोजदाद टाळू नये.

त्यासाठी नवी यंत्रणाही नको. जनावरांच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो. तोच क्रमांक दाखल्यावर, प्रवेशपत्रिकेवर आणि चित्रफितीच्या यादीत यावा. धाव संपल्यावर त्याच पशुवैद्यकाने बैल पुन्हा तपासावा, जखम त्या क्रमांकासमोर लिहावी. एकच बैल एका हंगामात किती पटांत जुंपला गेला, हे त्यातूनच उघड होईल. अन् हंगाम संपला की जिल्हा प्रशासनाने धावलेल्या, जखमी आणि मेलेल्या बैलांचे आकडे जाहीर करावेत. जुगाराचा पैसा असलेल्या खेळात अमेरिका हे करू शकते, तर जमनालाल बजाजांनी अखेरच्या दिवसांत गोसेवेला वाहून घेतले त्या वर्ध्याला हे अवघड वाटू नये.

येत्या हंगामात पटाची वर्गणी मागायला मंडळी दारात आली, तर वर्गणी जरूर द्या. फक्त आधी विचारा : धावून आलेला बैल तपासणार कोण, आणि ती वही पाहायला मिळेल का?