राक्षसी शार्क आणि खोटे शास्त्रज्ञ!

दोस्तांनो, पडद्यावर वाघ-सिंह दिसले, भारदस्त आवाजात निवेदन ऐकू आलं, की आपण लगेच विश्वास ठेवतो. पण जरा थांबा!

१९५८ साली डिस्नेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा माहितीपट आला. त्यात लेमिंग नावाचे उंदरांसारखे प्राणी कड्यावरून धडाधड खाली पडतात. त्याला ऑस्करही मिळालं. १९८२मध्ये कॅनडाच्या टीव्हीने पितळ उघडं पाडलं. त्या बिचाऱ्यांना चक्क ढकललं होतं! लेमिंग आत्महत्या करतात, हा गैरसमज मात्र पसरला तो पसरलाच.

२०१३ साली डिस्कव्हरीने मेगॅलोडॉन हा राक्षसी शार्क अजून जिवंत असावा, असं दाखवलं. त्यातले ‘शास्त्रज्ञ’ होते नट! खरा मेगॅलोडॉन लाखो वर्षांपूर्वीच नामशेष झालाय.

मग चांगला कार्यक्रम ओळखायचा कसा?

● शास्त्रज्ञाचं नाव आणि संस्था सांगतात का? वहीत टिपून घ्या, मग शोधा.
● ‘हे कसं कळलं’ ते दाखवतात, की नुसतंच ‘थरारक! रहस्यमय!’ चाललंय?
● आवाज बंद करून पाहा. संगीताशिवायही प्रसंग तितकाच भीतिदायक वाटतो का?
● ‘हे अजून ठाऊक नाही’ असं कुणी प्रामाणिकपणे म्हणतं का?

१९९०च्या दशकात दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना सोप्या शब्दांत उत्तरं देत. ना राक्षस, ना किंकाळ्या, तरी मुलं खिळून बसत. कार्यक्रम संपल्यावर डोक्यात नवा प्रश्न उरला, तर समजा, निवड जमली!