इस्तंबूलचे गोडे पाणी

इस्तंबूलची थोरवी सांगताना बहुतेक लेखक नकाशापासून सुरुवात करतात. काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी बॉस्फरसची चिंचोळी सामुद्रधुनी, तिच्या मुखाशी गोल्डन हॉर्नची सुरक्षित खाडी, एका काठावर युरोप, दुसऱ्यावर आशिया. एवढे सांगितले की सुमारे १६०० वर्षांची राजधानी आणि आजचे दीड कोटींहून अधिक वस्तीचे महानगर या दोन्हींचा उलगडा झाला असे वाटते. हेरोडोटसने नोंदवलेली कथाही हेच सांगते. समोरच्या आशियाई काठावर कॅल्सेडॉन वसवणाऱ्यांना एका पर्शियन सेनापतीने आंधळे ठरवले, कारण याहून उत्तम जागा डोळ्यांसमोर असताना त्यांना ती दिसली नाही. पण सामुद्रधुनी जागची हलली नाही आणि शहराचे नशीब मात्र पालटत राहिले. सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळी, इथे चार-पाच लाख माणसे राहत असावीत; १४५३ मध्ये ती ५० हजारांच्या आसपास उरली होती. जे कारण कधीच बदलले नाही, त्याच्या आधारे एवढे चढउतार कसे समजावणार? मला वाटते, या शहराचा इतिहास गोड्या पाण्याच्या बाजूने वाचला तर तो अधिक नीट उलगडतो. स्थानामुळे माणसे इथे येत राहिली. त्यांतल्या किती जणांना इथे राहता येईल, ते दूरच्या डोंगरांतून येणाऱ्या पाण्याने ठरवले. आणि ते पाणी आणण्याची ताकद कोणाच्या हाती आहे, यावर शहराची सूत्रे कोणाकडे हे ठरत गेले.

तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या जुन्या शहरात लायकस नावाचा एक ओढा आणि विहिरी यांपलीकडे गोड्या पाण्याचा मोठा साठा नाही. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळची एक जलवाहिनी होती, ती बायझँटियम या तेव्हाच्या छोट्या शहरापुरती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ११ मे ३३० रोजी इथे नवी राजधानी प्रतिष्ठित केली, तेव्हा राजवाडा आणि शर्यतीचे मैदान तयार होते. वाढत्या वस्तीला पुरेल एवढे पाणी नव्हते. ते सम्राट व्हॅलेन्सच्या कारकिर्दीत, ३७३ मध्ये आले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा उंच कमानींचा जलसेतू आजही शहराच्या मध्यभागी उभा आहे आणि त्याखालून मोटारींची रहदारी चालते. पर्यटक तेवढाच पाहतात. खरे काम त्याच्या मागे होते. पाचव्या शतकात ही व्यवस्था पश्चिमेकडे विझेजवळच्या झऱ्यांपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटरहून दूर नेली गेली. वळणे घेत जाणाऱ्या वाहिन्यांची लांबी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे भरते. पाणी केवळ उताराने वाहायचे, त्यामुळे प्रत्येक दरी ओलांडायला पूल बांधावा लागे. शहरात पोहोचलेले पाणी साठवायला शंभराहून अधिक टाकी होती. जस्टिनियनच्या भूमिगत टाक्याचे ३३६ खांब आज दिव्यांच्या उजेडात पाहता येतात. एटियसचे प्रचंड उघडे टाके आता फुटबॉलचे मैदान झाले आहे. तटबंदीच्या आत इतकी मोलाची जमीन पाण्याच्या साठ्याला देणाऱ्या राज्यकर्त्यांना शहराचे मर्मस्थान पुरते ठाऊक होते.

ते शत्रूलाही ठाऊक होते. ६२६ च्या वेढ्यात आव्हार टोळ्यांनी मुख्य वाहिनी तोडली आणि सुमारे १४० वर्षे ती दुरुस्त झाली नाही. माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम हरकत इथेच घेता येते. या १४० वर्षांत शहर पडले नाही. उलट ७१७-७१८ चा अरबांचा मोठा वेढाही त्याने परतवला. मग दूरच्या पाण्यावाचून काय अडले? हरकत खरी आहे, पण तट राखून तग धरणे आणि महानगर म्हणून नांदणे यांत फरक आहे. टाक्यांवर आणि विहिरींवर जगू शकेल इतकीच वस्ती तेव्हा उरली होती. त्याला केवळ तुटलेली वाहिनी जबाबदार नव्हती. जस्टिनियनच्या काळातली प्लेगची साथ आणि इजिप्तचे धान्य हातचे जाणे ही त्याहून मोठी कारणे होती. पुढे काय झाले ते मात्र पाहण्याजोगे आहे. ७४७ च्या प्लेगनंतर सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने ग्रीस आणि बेटांवरून कुटुंबे आणून शहरात वसवली, आणि पुढे काही वर्षांतच, ७६६ च्या दुष्काळात, त्याला जुनी जलवाहिनी दुरुस्त करणे भाग पडले. त्यासाठी साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून हजारो गवंडी आणि मजूर आणले गेले. रिकाम्या शहराला तुटकी वाहिनी चालत होती. माणसे परत येताच ती चालेनाशी झाली.

ऑटोमन काळात हेच चक्र अधिक स्पष्ट दिसते, कारण नोंदी विपुल आहेत. २९ मे १४५३ रोजी शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने सक्तीने माणसे आणून ते वसवायला घेतले आणि जुन्या वाहिन्यांच्या दुरुस्तीचाही हुकूम दिला. १४७७ च्या गणनेत सुमारे १६ हजार कुटुंबे नोंदली गेली. पुढच्या शतकात शहर इतके फुगले की सुलतान सुलेमानला नवी व्यवस्था उभारणे भाग पडले. त्याचा वास्तुविशारद सिनान मशिदींसाठी जगप्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम शहराबाहेरच्या झाडीत आहे. १५५४ नंतर त्याने कर्कचेश्मे जलव्यवस्था हाती घेतली. १५६३ च्या महापुराने तिचे पूल वाहून नेले, तेव्हा ते पुन्हा बांधले गेले. त्यांतला दुमजली माग्लोवा जलसेतू सुमारे ३५ मीटर उंच आहे, आणि दुसऱ्या पुराचा धक्का सोसता यावा म्हणून त्याचे पाये उतरते, पसरट केले आहेत. झऱ्यांभोवतीचे जंगलही राखले जाई. बेलग्रेडच्या स्वारीनंतर आणलेल्या सर्बियन कुटुंबांना तिथे वसवून वाहिन्यांची देखभाल त्यांच्याकडे सोपवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, पाणी दूषित होऊ नये म्हणून, ते गावच तिथून उठवले गेले. शहरात नळ फार थोड्या घरांना होता. बाकीच्यांना वस्तीतली कारंजी आणि पखाली. कोणी धनिकाने डोंगरात नवा झरा शोधून त्याचे पाणी मुख्य वाहिनीत सोडले, तर त्यातला हिस्सा त्याला मिळे. पुष्कळांनी तो वक्फ, म्हणजे धर्मादाय, करून गल्लीतल्या कारंज्याला दिला. एवढे करूनही पाणी पुरे पडेना आणि खेड्यांतून लोकांनी राजधानीत येऊ नये अशी फर्माने सुलतान वरचेवर काढत राहिले.

यावर कोणी म्हणेल की पाणी हे कारण नव्हेच, ते राजधानीपणाचे फळ आहे: सम्राट होता म्हणून जलसेतू झाले. याची परीक्षा इतिहासाने स्वतःच घेतली. १३ ऑक्टोबर १९२३ रोजी अंकारा राजधानी झाली आणि इस्तंबूलचा दरबार, वकिलाती, मंत्रालये गेली. तरीही १९५० च्या सुमारास १० लाखांच्या घरात असलेले हे शहर २०२४ च्या अखेरीस १ कोटी ५७ लाखांवर पोहोचले. कारखाने, बंदर आणि अनातोलियातील खेड्यांमधली गरिबी यांनी माणसे आणली. ती रातोरात उभारलेल्या घरांत, गेजेकोंदूंत राहिली. पाण्याने या लोंढ्याला थोपवले नाही हे मान्य करायला हवे. पण त्याची किंमत पाण्यानेच वसूल केली. सुल्तानबेयली हे उपनगर ओमेर्ली जलाशयाच्या पाणलोटातच, काही वर्षांत, शून्यातून उभे राहिले. एल्माली आणि अलीबेकोय जलाशयांभोवतीही वस्ती चढत गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नळ कोरडे पडू लागले आणि टँकरची रांग हे शहराचे नित्याचे दृश्य झाले. १९९४ च्या महापौर निवडणुकीतला तो एक मोठा मुद्दा होता, आणि तीत निवडून आलेले एर्दोआन पुढे देशाचे प्रमुख झाले.

त्यानंतर पाणी आणले गेले तेही जुन्याच वाटेने. कझानदेरे आणि पाबुचदेरे ही नवी धरणे विझेजवळच्या इस्त्रांजा डोंगरांत आहेत, जिथवर पाचव्या शतकातले रोमन अभियंते पोहोचले होते. पंप, पोलाद आणि वीज हाती असूनही शहराला त्याच डोंगराकडे वळावे लागले. तेही अपुरे पडले, तेव्हा पूर्वेला सुमारे १८० किलोमीटरवरच्या दुज्जे प्रांतातील मेलेन नदीवर नजर गेली. तिचे पाणी २००७ पासून येते, आणि २०१२ पासून बॉस्फरसच्या तळाखालच्या बोगद्यातून युरोपच्या बाजूलाही जाते. जवळपास दोन-तृतीयांश लोक त्या बाजूला राहतात, आणि पाण्याची मोठी आशा मात्र आशियाच्या बाजूला आहे. ज्या सामुद्रधुनीने शहराला मोठे केले, तीच ओलांडून आता त्याची तहान भागवावी लागते. मेलेनवरच्या मुख्य धरणाचे बांधकाम केंद्र सरकारच्या जलखात्याकडे आहे. भिंतीला तडे गेल्याचे उघड झाले आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले. दिवसाला सुमारे ३० लाख घनमीटर पाणी लागणारे शहर आपल्या साठ्यासाठी अंकाराच्या निर्णयावर अवलंबून आहे. सम्राट आणि सुलतान झऱ्याचेही धनी होते आणि कारंज्याचेही. राजधानी गेली त्या दिवशी इस्तंबूलने हे गमावले, आणि माझ्या मते दरबार जाण्यापेक्षा हा तोटा मोठा होता.

म्हणूनच २०११ मध्ये जाहीर झालेल्या इस्तंबूल कालव्याच्या योजनेकडे मी गंभीरपणे पाहतो. मार्माराकडच्या कुचुकचेकमेजे सरोवरापासून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे ४५ किलोमीटरचा हा जलमार्ग बॉस्फरसवरचा जहाजांचा ताण हलका करील, असे समर्थक म्हणतात. अपघातांची त्यांची भीती खोटी नाही. १९७९ मध्ये सामुद्रधुनीच्या मुखाशी तेलवाहू जहाजाची टक्कर होऊन ४० हून अधिक खलाशी मेले आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. पण धोकादायक मालाच्या जहाजांवर अधिक कडक देखरेख ठेवता येते; बुडवलेले जलाशय परत मिळवता येत नाहीत. कालव्याची आखणी साझलीदेरे जलाशयातून जाते आणि पुढे तेर्कोस सरोवराच्या जवळून, ज्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहर पीत आले आहे. खारे पाणी भूजलात शिरले तर तेर्कोसही धोक्यात येईल, असा इशारा तज्ज्ञांनी दिला आहे. त्याच उत्तरेच्या जंगलपट्ट्यात २०१६ ला बॉस्फरसवरचा तिसरा पूल आणि २०१८ ला नवा विमानतळ आला. त्यामागोमाग घरबांधणी सरकते आहे. युरोपीय बाजूचे हे साठे गेले, तर त्यांची भरपाई मेलेनच्या पाण्याने, त्याच एका बोगद्यातून करावी लागेल, आणि मेलेनची भिंत आधी उभी राहायला हवी.