हिच्या पाठीवर टेबल कशाला?

मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात गणिताचा तास चालला होता. 'हातचा एक' फळ्यावर लिहिते न लिहिते तोच मागच्या बाकाखालून एक इवलीशी निळी गाडी सर्रकन आली आणि माझ्या टेबलाच्या पायाला धडकून थांबली. मालक कोण, हे विचारावंच लागलं नाही. एकाचे कान लालबुंद झाले होते! मी गाडी उचलली, उलटी केली आणि तिच्या पोटावरचं नाव वाचलं : प्लायमाउथ सुपरबर्ड. मधल्या सुट्टीत स्वारी गाडी परत मागायला आली ती प्रश्न घेऊनच. "बाई, हिच्या पाठीवर हे टेबल कशाला लावलंय?"

खरंच, गाडीच्या मागच्या भागावर दोन उंच पाय आणि त्यांवर एक आडवी फळी. थेट टेबलच! आता या टेबलाचं उत्तर द्यायचं तर आपल्याला अमेरिकेत जायला हवं, तेही साठ वर्षं मागं.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. सैनिक घरी परतले, लग्नं झाली आणि अमेरिकेत घराघरांत पाळणे हलू लागले. ही सगळी मुलं १९६० नंतर सोळा-अठरा वर्षांची झाली. तिथं बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळतो. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद, खिशात थोडेफार पैसे. पण बाबांची गाडी कशी, तर लांबलचक, जड आणि सुस्त. पोरांना ती कशाला आवडतेय!

डेट्रॉइट हे अमेरिकेतलं मोटारींचं माहेरघर. तिथल्या जनरल मोटर्स या बड्या कंपनीची पाँटियॅक नावाची एक शाखा होती. तिथले मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांना एक कल्पना सुचली : मोठ्या गाडीचं इंजिन काढून मध्यम आकाराच्या, हलक्या गाडीत बसवलं तर? दोन्ही इंजिनं बाहेरून सारख्याच मापाची होती, त्यामुळं बसवणं अवघड नव्हतं. अडचण होती ती नियमाची. मध्यम गाडीत ठरावीक आकारापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती.

मग त्यांनी काय केलं? नियम नव्या 'मॉडेल'साठी होता ना, मग त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही! जुन्याच टेंपेस्ट गाडीला जादा पैसे मोजून घ्यायची एक 'जोड' म्हणून ते इंजिन विकायला ठेवलं. गणवेशाचा रंग शाळेनं ठरवलेला असतो, पण बुटाच्या नाड्यांबद्दल कुणी काही लिहिलेलं नसतं. तसंच हे. (माझ्या वर्गात असले वकील पाच आहेत.) या जोडीला नाव दिलं जीटीओ. साल होतं १९६४. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून जास्त खपल्या! अशा दणकट गाड्यांना पुढं 'मसल कार' हे नाव पडलं. मसल म्हणजे स्नायू. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू या.

पैलवान किती मोठा, ते सांगते. तुमच्या आजोबांकडं किंवा शेजाऱ्यांकडं कधी मारुती ८०० असेल. तिचं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे तिच्या तीन सिलिंडरांमधली जागा मिळून ७९६ घन सेंटिमीटर. जीटीओला सिलिंडर आठ. त्यातल्या एकेकाचं माप किती असावं? जवळजवळ ७९७! म्हणजे तिच्या बॉनेटखाली आठ मारुत्या बसलेल्या होत्या म्हणा ना. खोटं वाटत असेल तर करून पाहा : पूर्ण इंजिन सुमारे ६,३७५ सीसीचं होतं, भागिले आठ.

मग सगळ्याच कंपन्यांची चढाओढ लागली. क्रायस्लर कंपनीनं तर 'हेमी' नावाचं सात लिटरचं इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत घातलं. तिच्याच प्लायमाउथ शाखेनं १९६८ साली 'रोड रनर' गाडी काढली. हो, कार्टूनमधला तोच तुरुतुरु पळणारा पक्षी! त्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी कंपनीनं वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले, आणि गाडीला हॉर्नही त्याच्या आवाजाचा बसवला. बीप बीप!

आणि इथं आपलं टेबल येतं. नॅस्कार नावाच्या मोटारशर्यती अमेरिकेत फार लोकप्रिय आहेत. गाडी ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात पळू लागली की वारा तिच्या अंगाखाली शिरतो आणि ती जमिनीवरून उचलली जाऊ पाहते. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा लावला तर? तो गाडीला खाली दाबून धरील! म्हणजे ते टेबल हा उलटा पंख आहे. तो इतका उंच अशासाठी, की छपरावरून येणारी हवा विस्कटलेली असते आणि त्याच्या वरची हवा सरळ वाहते. शिवाय खालची डिकीही उघडता आली पाहिजे! पुढं वारा कापायला चोचीसारखं टोकदार नाक. अशाच नाकाची आणि पंखाची, सुपरबर्डची थोरली बहीण म्हणजे डॉज चार्जर डेटोना. तिच्यातून बडी बेकर या चालकानं २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या धावपट्टीवर ताशी २०० मैलांची, म्हणजे ३२२ किलोमीटरची वेस ओलांडली.

शर्यतीत उतरायचं तर तशाच गाड्या लोकांनाही विकायच्या, असा नियम होता. म्हणून १९७० साली सुमारे १,९०० सुपरबर्ड दुकानांत आल्या. आणि लोकांनी काय केलं? नाकं मुरडली! काही दुकानदारांनी तर नाक आणि पंख काढून त्या साध्या गाड्या म्हणून खपवल्या. आज त्याच सुपरबर्डला लाखो डॉलर मोजतात. तुमच्यापैकी कुणी 'कार्स' हा चित्रपट पाहिला असेल, तर त्यातली 'द किंग' नावाची निळी गाडी म्हणजे ही सुपरबर्डच. तिला आवाजही रिचर्ड पेटी यांचाच आहे. खरी निळी सुपरबर्ड शर्यतीत पळवणारे तेच.

आता पालकांनीही जरा पुढं सरसावून वाचावं. या पैलवानांच्या मांड्या-दंड भक्कम होते, पण थांबायचं म्हटलं की पंचाईत. पहिल्या जीटीओला चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक होते. अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना सीटबेल्ट सक्तीचे झाले ते १९६८ पासून. त्याआधी १९६६ या एका वर्षात तिथं रस्त्यांवर पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. सगळी काही या गाड्यांमुळं नव्हे, पण अठरा वर्षांचा पोरगा, तीनशेहून जास्त अश्वशक्ती आणि असले ब्रेक, हे गणित मला तरी सोडवायला नको वाटतं. पेट्रोलही लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर पुरायचं. त्यात शिसं मिसळलेलं असे. धुरातून ते हवेत जाई आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होई.

मग विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा आला आणि १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या. पैलवानांचा आखाडा ओस पडला.

पण माणसाचं मन पाहा. डेट्रॉइटजवळच्या फर्नडेल या गावी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे हवे होते. वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर पूर्वी पोरं रात्री चोरून शर्यती लावत. तिथंच जुन्या गाड्यांची फेरी काढू, असं १९९५ साली ठरलं. तीस-चाळीस हजार लोक येतील असं वाटलं होतं. आले अडीच लाख! तेव्हापासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आजोबा लोक आपापली जीटीओ नाहीतर मस्टँग पुसूनपासून बाहेर काढतात. नातवंडं शेजारी बसतात, फूटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडून लोक बसतात, आणि रस्ता इंजिनांच्या गुरगुरण्यानं भरून जातो. एकेकाळी पोलिसांना चुकवून पळणारे आता गोगलगाईच्या वेगानं जातात, कारण गर्दीच तेवढी असते!

तो आवाज मात्र आता नव्या गाड्यांतून कमी होत चाललाय. डॉजनं आपल्या आठ सिलिंडरच्या चार्जर आणि चॅलेंजर या गाड्या २०२३ साली बंद केल्या. २०२४ ची नवी चार्जर डेटोना विजेवर चालते. तिच्यात जाळायला पेट्रोल नाही, धूर नाही, शिसं नाही, म्हणून आवाजही नाही. तेव्हा कंपनीनं काय करावं? तिला कर्ण्यासारखी यंत्रणा बसवून गुरगुरण्याचा खोटा आवाज काढला!

हे सगळं मी त्या लाल कानांच्या मुलाला मधल्या सुट्टीत सांगितलं. डबा तसाच राहिला, त्याचाही आणि माझाही. शेवटी त्यानं विचारलं, "बाई, खऱ्या गाडीचा आवाज कसा असतो?" मी तर अशा गाडीत कधी बसलेच नाही. म्हणून मी घशातून जमेल तसं गुरगुरून दाखवलं. तो जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "यापेक्षा आमच्या गावाकडचा ट्रॅक्टर भारी वाजतो."

गाडी त्याला परत दिली. गणिताच्या तासाला ती दप्तरातच राहील, या अटीवर.