इंदूरचा माणिकबाग राजवाडा आणि जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस

ब्रिटिश राजवटीत भारतातील मोठ्या इमारतींचे आराखडे बहुधा ब्रिटिश वास्तुविशारद तयार करीत. १९०५ साली खुली झालेली हावडा स्थानकाची इमारत हॅल्सी रिकार्डो यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी मात्र आपल्या निवासस्थानाचे काम एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडे सोपविले.

मुथेसियस यांचा जन्म १९०४ साली लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील हेरमान मुथेसियस हेही नामवंत वास्तुविशारद होते. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेत असताना यशवंतरावांची एकार्ट यांच्याशी ओळख झाली आणि तिचे मैत्रीत रूपांतर झाले. याच मैत्रीतून माणिकबाग राजवाड्याची कल्पना साकारली. १९३० ते १९३३ या काळात हे काम झाले.

घुमट, कमानी आणि कोरीव नक्षी यांना येथे स्थान नव्हते. साध्या सरळ रेषा, धातू, काच आणि भरपूर उजेड ही या वास्तूची वैशिष्ट्ये होती. इमारतीचे अनेक भाग जर्मनीत तयार करून जहाजाने भारतात आणण्यात आले. उन्हाळ्याचा विचार करून वातानुकूलनाचीही सोय करण्यात आली.

मुथेसियस यांनी अंतर्गत सजावटीचीही जबाबदारी सांभाळली. दिवे आणि बरेचसे फर्निचर त्यांनी स्वतः रचले. वाचनासाठीचे दिवे जडवलेल्या त्यांच्या लाल खुर्च्या विशेष गाजल्या. रुलमन, आयलीन ग्रे यांसारख्या युरोपातील आघाडीच्या कलावंतांच्या वस्तूही येथे आल्या. गालिच्यापासून चांदीच्या भांड्यांपर्यंत प्रत्येक वस्तू वास्तूशी सुसंगत असावी, असा आग्रह होता.

शिल्पकार ब्रांकुशी यांच्या शिल्पांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधण्याची महाराजांची योजना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. १९३९ साली दुसऱ्या महायुद्धास प्रारंभ झाला आणि मुथेसियस यांचे भारतातील कार्य संपुष्टात आले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

यशवंतरावांचे १९६१ साली निधन झाले. पुढे माणिकबागेत केंद्रीय महसूल खात्याची कार्यालये आली. १९८० साली राजवाड्यातील मौल्यवान वस्तूंचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि त्या जगभरातील संग्राहकांकडे गेल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांच्या या कलासंग्रहावर प्रदर्शन भरविले.

इमारत इंदुरात आणि तिच्यासाठी घडविलेल्या वस्तू परदेशात, अशी ही ताटातूट आहे. वास्तू आणि सजावट ही एकच कलाकृती मानणाऱ्या मुथेसियस यांचे हे सर्वांत महत्त्वाचे काम आज संपूर्ण स्वरूपात केवळ जुन्या छायाचित्रांतच पाहावयास मिळते.