खोदण्याआधी दगडाची चौकशी

कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीचं काम १९६३ साली थांबलं, पण तिथून झिरपणारं पाणी थांबलं नाही. १९९०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी भूगर्भातल्या बोगद्यातलं पाणी तपासलं, तर पीएच निघाला उणे ३.६. शुद्ध पाण्याचा तो ७ असतो; तो जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लयुक्त. सॅक्रामेंटो नदी वाचवायची म्हणून या खाणीच्या पाण्यात आजही चुना मिसळावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी आहे पायराइट, लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज. जमिनीखाली हवेपासून दूर असेपर्यंत त्याचा उपद्रव नसतो. दगड फोडून ढीग रचला, की हवा, पाऊस आणि काही जिवाणू मिळून त्यातून गंधकाम्ल तयार करतात. हे आम्ल दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम विरघळवून ओढ्यात नेतं.

याचा अंदाज खाण सुरू होण्याआधीच घेता येतो. खनिजाच्या शोधासाठी पाडलेल्या विंधणछिद्रांतले दगडाचे नमुने हाताशी असतातच. त्यांचा भुगा करून आम्ल निर्माण करणारं गंधक किती आणि आम्ल मारणारी चुनखडीसारखी खनिजं किती, याचा जमाखर्च मांडतात. टनभर दगडात एक टक्का गंधक पायराइटच्या रूपात असेल, तर ते आम्ल मारायला सुमारे ३१ किलो चुनखडी लागते. तरीही शंका उरली, तर किलोभर चुरा एका बंद नळकांड्यात भरतात. तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा आणि सातव्या दिवशी पाण्याने धुणं. निथळलेलं पाणी दर आठवड्याला प्रयोगशाळेत जातं. हे चक्र निदान वीस आठवडे चालतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फ्लॅम्बो ही तांब्याची खाण १९९३ ते १९९७ या काळात चालली. तिथे एक टक्क्याहून जास्त गंधकाचा दगड सुरुवातीपासूनच वेगळा काढून अस्तर घातलेल्या जागेवर ठेवला. खाण बुजवताना त्यात चुनखडी मिसळून तो तळाशी घातला. एवढं करूनही शेजारच्या ओहोळातल्या तांब्यावरून पुढे वाद झालाच. त्यामुळे चाचणी झाली तरी खाण मिटल्यावरची देखरेख टळत नाही.

मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत मात्र अशी कुठलीच चौकशी न करता गंधकयुक्त कोळसा बिळं खणून काढला गेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये त्यावर बंदी घातली. पण सोडून दिलेल्या बिळांचं आणि उघड्यावरच्या ढिगांचं आम्लयुक्त पाणी ओढ्यांना मिळत राहिलं.