किडनीचा उपाय आतड्यात आहे का?

‘प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू करा, क्रिएटिनिन उतरेल,’ हा सल्ला किडनीच्या जुनाट विकाराच्या रुग्णांना हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही मिळतो. दुसरीकडे, ‘आतड्याचा आणि किडनीचा संबंधच काय?’ असं म्हणून हसणारेही कमी नाहीत. चुकतात दोघंही.

आधी हसणाऱ्यांचं पाहू. न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू त्यांतून इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात. शरीरात त्यांचं रूपांतर इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट या घातक द्रव्यांत होतं. निरोगी किडनी ती लघवीवाटे टाकून देते; आजारी किडनीला ते जमत नाही. ही द्रव्यं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे डायलिसिसलाही फारशी दाद देत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांनी डायलिसिसवरच्या अशा रुग्णांचं रक्त तपासलं, ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं होतं. त्यांच्यात ही दोन्ही द्रव्यं जवळजवळ नव्हतीच. आतड्याच्या सहभागाचा याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण.

मग विष कमी केलं की किडनी वाचणार, हे ओघानेच आलं. सगळ्यात मोठा गैरसमज नेमका इथे आहे. जपानमध्ये १९९१पासून एएसटी-१२० नावाचं औषध वापरात आहे. कार्बनचे हे बारीक मणी पोटात घ्यायचे. ते आतड्यातच इंडोल शोषून घेतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. कल्पना उत्तम होती. पण दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, तेव्हा औषध घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची किडनी सारख्याच वेगाने बिघडत असल्याचं दिसलं.

प्रोबायोटिकची कथा फार वेगळी नाही. ऑस्ट्रेलियात ३७ रुग्णांना सहा आठवडे उपयुक्त जिवाणू आणि त्यांना पोसणारे तंतू एकत्र देण्यात आले. पी-क्रेसिल सल्फेट घटलं, किडनीचं काम मात्र सुधारलं नाही. २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ४५ अभ्यासांची छाननी झाली. किडनीला ठोस फायदा होतो म्हणावं असा भक्कम पुरावा हाती आला नाही. अभ्यास बहुतेक छोटे आणि थोड्या काळाचे. क्रिएटिनिनचा आकडाही फसवा असतो. जिवाणूंनी ते आतड्यातच मोडलं तर रिपोर्ट सुधारेल, गाळण्याची क्षमता तेवढीच राहील.

ताक-दह्याचं काय? ताक चांगलंच, पण चाचण्यांत वापरलेले ठरावीक जिवाणू त्यात असतील याची खात्री नाही. शिवाय दह्यात फॉस्फरस असतो आणि ताकात आपण सढळ हाताने मीठ घालतो. किती चालेल, हे रक्ताचा रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञच सांगू शकतो.

निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाला देण्याचा प्रयोगही चालू आहे. अमेरिकेत अशी उत्पादनं २०२२-२३ मध्ये मंजूर झाली, पण ती सी. डिफिसिल या आतड्याच्या पुन्हा उलटणाऱ्या संसर्गासाठी, किडनीसाठी नव्हे. २०१९ मध्ये अशा उपचारातून औषधांना न जुमानणारे जिवाणू शरीरात गेल्याने एका रुग्णाचा मृत्यूही झाला होता. घरच्या घरी करून पाहावं असलं हे काम नव्हे.

आशा वाटावी अशी बातमी आली ती चक्क बद्धकोष्ठतेच्या औषधाकडून. जपानच्या तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ल्युबिप्रोस्टोनच्या जास्त मात्रेने किडनीची घसरण मंदावली, आणि त्यामागे आतड्यातल्या जिवाणूंतला बदल असावा असं त्यांना दिसलं. चाचणी दुसऱ्या टप्प्याची आहे, रुग्ण दीडशेच्या आसपास. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, मोठ्या चाचण्यांत टिकलेली औषधं बंद करून ल्युबिप्रोस्टोनच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पोट साफ ठेवण्याकडे मात्र आजच लक्ष देता येतं. सुमारे ३५ लाख अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींत बद्धकोष्ठता असलेल्यांना किडनीच्या विकाराचा धोका जास्त आढळला. कारण तेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. रेचक घेताना मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेलं मनाने घेऊ नये. आजारी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.